चोवीस तासांची भरती

"ऑपरेशन असेल तर सांगा मॅडम, लगेच मंजुरी लावतो. नुसतं सुईचं काम असेल तर क्वेरी येणारच."

फोनवर आमच्या विमा कंपनीचा ब्रँच मॅनेजर होता. मी अकोल्याच्या एका हॉस्पिटलात कॅशलेसच्या खिडकीसमोर उभी होते. माझ्यामागे बाकड्यावर विलास कुशीवर पडला होता. बाकडं बसायचं होतं, पण त्याला बसता येत नव्हतं. दोन माणसांची जागा त्यानं एकट्यानं अडवली म्हणून एक म्हातारा कुरकुरत होता, आणि विलासची बायको शोभा त्या म्हाताऱ्याला सांगत होती, "बाबा, त्याईले बसल्या जात नाई. तुमी माया जागेवर बसा."

क्वेरी म्हणजे काय ते आधी सांगते. हॉस्पिटल कंपनीला विचारतं, की या पेशंटवर अमुक उपचार करतो, पैसे तुम्ही देणार का? याला प्री-ऑथ म्हणतात. कंपनीला सरळ हो म्हणायचं नसलं की ती उलट प्रश्न पाठवते. ती क्वेरी. त्या दिवशी आलेली क्वेरी एका ओळीची होती. रुग्णाचं दुखणं तोंडावाटे घ्यायच्या गोळ्यांनी का भागत नाही, ते कळवा.

त्या गोळ्यांपासून सुटण्यासाठीच तर आम्ही पहाटेच्या गाडीनं अकोल्याला आलो होतो.

विलास शेलूबाजारचा जीपवाला. स्टँडवरून मंगरूळपीर आणि वाशीम, दिवसात जमतील तितक्या फेऱ्या. वीस वर्षं त्या सीटवर बसून त्याची कंबर गेली. सुरुवातीला मलम, मग पट्टा, मग मेडिकलवाल्यानं दिलेली ट्रामाडॉलची गोळी. ही अफूच्या कुळातली गोळी. ती दुखणं बरं करत नाही. दुखण्याची खबर डोक्यापर्यंत पोचू देत नाही, एवढंच. आधी एक घेतली की दिवस निघायचा. मग दोन लागायला लागल्या. मग नाही घेतली तर घाम, चिडचिड, हातपाय ओढल्यासारखे व्हायचे. आणि घेतली की डोळे जड. ज्या माणसाच्या मागे दहा-बारा जीव बसतात त्याचे डोळे जड होऊन चालत नाहीत.

शोभानं मला एका सकाळी घरी गाठलं. "ताई, तुमच्या पॉलिसीचा काई उपेग हाय का नाई? का नुसता कागद घेऊन देल्ला आमाले?"

मला राग आला. पण बाई बरोबर बोलत होती.

पॉलिसी मीच विकली होती. मी कोण, तेही सांगते. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला. मग मी मानोरा तालुक्यातल्या तांड्यांवर डोक्यावर गाठोडं घेऊन साड्या विकल्या. तांड्यावरच्या बाया भाव करण्यात कोणाला ऐकत नाहीत, आणि त्यांच्याशी भाव करून जी टिकली ती कुठंही टिकते. आठ वर्षांनी विमा एजन्सीची परीक्षा दिली, पास झाले. ऑफिसातली टाय लावलेली पोरं वर्षभरात जेवढ्या पॉलिसी काढतात तेवढ्या मी एका हंगामात काढते. कारण मी भाषण देत नाही. शेलूबाजारच्या जीप स्टँडवर जायचं, चहा सांगायचा आणि लोकांना कळेल असं एक वाक्य बोलायचं.

माझं ते वाक्य होतं, "चोवीस तास भरती, तं कंपनी पैसे भरती."

लोकांना ते गाण्यासारखं पाठ झालं होतं. आमच्याकडे तसंही सलाईन लागल्याशिवाय माणूस आजारी समजत नाहीत. डॉक्टरनं नुसत्या गोळ्या दिल्या तर म्हणतात, "यानं काई केलंच नाई." त्यामुळे भरती झालो तर पैसे, ही गोष्ट सगळ्यांच्या डोक्यात चटकन बसायची. माझ्या वाक्यावर स्टँडवरच्या बहुतेक ड्रायव्हरांनी पॉलिसी घेतली. विलासनं सगळ्यात आधी.

तर मी विलासला अकोल्याला नेलं. तिथं दुखण्यावरच उपचार करणाऱ्या एक डॉक्टर मॅडम आहेत. त्यांनी पाठीचे फोटो पाहिले, पाठीवर बोटं दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "ऑपरेशनची गरज नाही. मणक्याच्या बाजूच्या छोट्या सांध्यांतून दुखणं येतंय. तिथली बारीक नस सुईनं गरम करून बंद करायची. सकाळी यायचं, संध्याकाळी घरी. आणि मग या गोळ्या मी हळूहळू सोडवते. एकदम बंद करायच्या नाहीत."

खात्री करायला त्यांनी आधी त्या जागी चाचणीचं एक इंजेक्शन दिलं. त्याचा असर काही तासच टिकतो. त्या दुपारी हॉस्पिटलसमोरच्या खानावळीत विलास खाली मांडी घालून जेवला. शोभा घास हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. "दोन वर्सं झाले ताई," ती म्हणाली, "हे असे बसून जेवले नाई."

म्हणजे उपचार लागू पडणार हे ठरलं होतं. फक्त कंपनीनं हो म्हणायचं होतं. पंधरा दिवसांनी आम्ही त्यासाठी परत आलो, आणि क्वेरी आली.

मी फोनवर मॅनेजरला म्हणाले, "सर, गोळ्यांनी का भागत नाही म्हणून काय विचारता? तो माणूस गोळ्यांवर झोपतो गाडी चालवताना."

"मॅडम, भावनिक होऊ नका. सिस्टीमला पेन मॅनेजमेंट म्हणजे ओपीडी वाटतं. पेशंट संध्याकाळी घरी जाणार असेल तर हॉस्पिटलायझेशन कुठे झालं?"

"म्हणजे पाठ फाडली तर पैसे आणि सुई टोचली तर नाही?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तुम्ही तेच म्हटलं. शब्द वेगळे होते."

त्यानं फोन ठेवला. माझा पारा चढला होता, आणि तापलेल्या डोक्यानं मी डॉक्टर मॅडमच्या खोलीत शिरले. त्या कॉम्प्युटरवर क्वेरीचं उत्तर लिहीत होत्या. दोन परिच्छेद झाले होते. ट्रामाडॉल किती दिवसांपासून चालू आहे, सवय कशी लागली, पेशंटचा धंदा काय, गोळी त्याला का धोक्याची.

"मॅडम, हे राहू द्या," मी म्हणाले. "निबंध कोण वाचतं तिथं? तुम्ही याला एक रात्र भरती करून घ्या."

"कशाला? गरज नाही."

"चोवीस तास झाले की प्रश्नच मिटला. कंपनीला भरती पाहिजे. देऊन टाकू."

"ताई, ही डे केअर प्रोसिजर आहे. मी उत्तर लिहिते आहे ना. दोन-तीन दिवस लागतील इतकंच."

डे केअर म्हणजे असा उपचार, ज्यात पेशंट रात्रभर राहत नाही, तरी तो भरती झाल्यासारखाच धरतात. हा शब्द मी परीक्षेपुरता पाठ केला होता. आमच्याकडे डे केअर म्हणजे मोतीबिंदू. त्यापुढे मी कधी गेले नव्हते.

मग मी भाव करायला लागले. दुसरं काय येतं मला? आता मुद्दाम दोन रात्री मागितल्या, म्हणजे मॅडम एकीवर येतील. जनरल वॉर्ड चालेल म्हटलं. माझे इतके ग्राहक आहेत, दुखण्याचा एकेक पेशंट तुमच्याकडेच पाठवीन, असंही म्हटलं. मॅडम तरुण होत्या. दवाखाना नवीन होता. बाहेर वीस पेशंट होते. शेवटी त्यांनी डोळे मिटून म्हटलं, "ठीक आहे. निरीक्षणासाठी एक दिवस ठेवते. पण हे मला पटलेलं नाही, लक्षात ठेवा."

त्यांनी लिहिलेले दोन परिच्छेद पुसले आणि नवा कागद पाठवला. चोवीस तास भरती.

मी बाहेर येऊन शोभाला म्हणाले, "झालं काम." मला अभिमान वाटत होता. ते लपवून काय करू?

विलासला खाट मिळाली, सलाईन लागलं. तो हसून म्हणाला, "ताई, आता खरा आजारी वाटून राह्यलो मी." सुईचं काम मंजुरी आल्यावर सकाळी करायचं ठरलं.

सकाळी मंजुरी आली नाही. नकार आला. या उपचारासाठी भरतीची वैद्यकीय गरज दिसत नाही. भरती केवळ विम्याचा लाभ मिळवण्यासाठी केल्याचं दिसतं. दावा अमान्य.

आम्ही एसटीनं परत आलो. विलास मागच्या लांब सीटवर आडवा होता. हातावर सलाईनची पट्टी तशीच. मी त्याला म्हणाले, पैसे मी देते, तू करून घे. उत्तर शोभानं दिलं. "मंग आमी हप्ते कायचे भरले? तुमच्या घरचे पैसे घ्याले आमी काय भिकारी हाव?" स्वतःच्या पैशानं करायचं तर जीप विकावी लागली असती. जीप चालवता यावी म्हणूनच तर सगळं चाललं होतं.

वाटेतलं आमचं वाशीमकडचं मालेगाव सुटल्यावर विलासनं खिशातून पाकीट काढलं आणि पाण्याशिवाय दोन गोळ्या गिळल्या.

दोन दिवस मी कंपनीच्या सात पिढ्या उद्धारल्या. तिसऱ्या दिवशी तक्रार लिहायला बसले, तेव्हा कलमांचे नंबर हवेत म्हणून पॉलिसीचं पुस्तक काढलं. ते पुस्तक मी शेकडो घरांत दिलं होतं. मागे बारीक अक्षरातली पानं असतात, ती मी कधी उलगडली नव्हती. तिथं डे केअर उपचारांची यादी होती. बोट ठेवत ठेवत खाली आले. पाठीच्या मणक्याच्या भागात लिहिलं होतं. सांध्याच्या नसेवर रेडिओफ्रिक्वेन्सीचा उपचार. डॉक्टर मॅडम करणार होत्या तोच. भरतीची अट नाही.

मी ती ओळ तीन वेळा वाचली. मग मॅनेजरला फोन लावला.

"सर, यादीत आहे."

"काय?"

"विलासचा उपचार. मागच्या यादीत छापलेला आहे. डे केअर."

तिकडे पानं उलटल्याचा आवाज आला. म्हणजे त्यानंही वाचलेलं नव्हतं. मग तो म्हणाला, "हो, आहे. मग तुम्ही डे केअर म्हणून का नाही पाठवलं?"

"तसंच पाठवलं होतं! तुम्हीच क्वेरी काढली!"

"मॅडम, क्वेरी म्हणजे नकार नसतो. क्वेरीचं उत्तर द्यायचं असतं. तुम्ही उत्तर दिलं नाही, केसच बदलली."

"तुम्ही मला म्हणालात, संध्याकाळी घरी गेला तर हॉस्पिटलायझेशन कुठे झालं!"

"मी तोंडी म्हणालो. तुम्ही कागदावर केलं."

हे वाक्य मला आजही रात्री आठवतं आणि दात आवळले जातात. कारण ते खरं होतं. तो माझ्याइतकाच न वाचलेला माणूस. पण त्याचं अज्ञान फोनवर होतं, हवेत गेलं. माझं अज्ञान हॉस्पिटलच्या शिक्क्यासह फाइलीत लागलं.

मी डॉक्टर मॅडमना फोन करून पुन्हा डे केअर म्हणून कागद पाठवायला सांगितलं. त्यांनी एका शब्दानं टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी कागद पाठवला. कंपनीचं उत्तर आलं, की याच उपचारासाठी आधी वेगळी माहिती दिली असल्यानं प्रकरण चौकशीत ठेवलं आहे. आधी भरती हवी म्हणता, आता नको म्हणता, म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. मी तक्रार अर्ज केला. ईमेल केले. वाशीमच्या ऑफिसात जाऊन टेबल वाजवलं. दर वेळी मोबाइलवर एकच मेसेज यायचा, आपली तक्रार प्रक्रियेत आहे.

प्रक्रिया चालू होती तोवर विलासही चालू होता. गोळ्या तीन झाल्या होत्या. एका दुपारी मंगरूळच्या रस्त्यावर भरल्या जीपमध्ये त्याचा डोळा लागला आणि जीप तुरीच्या शेतात शिरली. कोणाला मोठं लागलं नाही. एका म्हातारीच्या चष्म्याची काच गेली, बस. पण जीपच्या धंद्यात बातमी जीपच्या पुढे पळते. शेलूबाजारच्या स्टँडवर गाड्या नंबरानं सुटतात. भरली की निघायची, मग पुढचा नंबर. विलासचा नंबर आला की लोक म्हणायचे, "आमी मांगच्या गाडीनं येतो." गाडी भरायचीच नाही. बाकीचे ड्रायव्हर आठ दिवस गप्प राहिले. मग एकानं स्टँडवरच्या नंबरांच्या पाटीवरचं त्याचं नाव पुसलं. त्यानं कोणाला विचारलंही नाही.

त्यानंतर शोभाच्या भावानं त्याला नागपूरला नेलं. तिथल्या सर्जननं ऑपरेशन सांगितलं. मणक्यात स्क्रू टाकून दोन मणके जोडायचे. डॉक्टर मॅडमनी फोनवर मला म्हटलं, "याची गरज नाही ताई. त्याला थांबायला सांगा." मी विलासला सांगितलं. तो म्हणाला, "किती दिवस थांबू? तुमची परकिरया संपली का?"

नागपूरच्या हॉस्पिटलनं प्री-ऑथ पाठवलं. मी फोन हातात धरून बसले, या वेळी काय क्वेरी येते ते बघायला. क्वेरी आली नाही. गोळ्यांनी का भागत नाही, हे या वेळी कोणी विचारलं नाही. दोन तासांच्या आत मंजुरी आली. सुईच्या कामाच्या कितीतरी पट रक्कम. कंपनीला चिंगूस म्हणायचीही सोय उरली नाही.

ऑपरेशन व्यवस्थित झालं, असं कागदावर लिहिलेलं आहे. विलासच्या पाठीत आता चार स्क्रू आहेत. खाली वाकता येत नाही. अर्ध्या तासाच्या वर सीटवर बसता येत नाही. गोळी सुटली नाही, तीनावरून एकावर आली. जीप विकली. तो आता स्टँडवर उभ्यानं गाड्यांचे नंबर लावतो, आणि ड्रायव्हर लोक त्याला फेरीमागे काही देतात.

महिन्याभरानं मॅनेजरचा फोन आला. आवाज गोड होता. "मॅडम, अभिनंदन! इतका मोठा क्लेम, दोन तासांत अप्रूव्हल. आपल्या ब्रँचचा रेकॉर्ड आहे. तुमच्या ग्राहकाचा हसरा फोटो पाठवा ना. ऑफिसबाहेर फ्लेक्स लावतोय."

"फोटो पाहिजे?"

"हो. पट्टा लावलेला असला तर अजून चांगलं. इम्पॅक्ट येतो."

मी त्याला जे बोलले ते छापण्यासारखं नाही. त्यानं ते वरच्या ऑफिसला कळवलं. माझी वर्तणूक ग्राहकसेवेस साजेशी नाही, असं पत्र मला आलं. ते मी जपून ठेवलं आहे. आतापर्यंत कंपनीनं मला लिहिलेल्या पत्रांपैकी तेवढंच एक मी पूर्ण वाचलं.

एक काम राहिलं होतं. यादीची गोष्ट विलासला माहीत नव्हती. तो कंपनीलाच दोषी धरत होता आणि मी धरू देत होते. शिव्या दोघं मिळून द्यायचो. पण ते अंगाला लागेना. एक दिवस स्टँडवर गेले, पुस्तक उघडलं आणि त्या ओळीवर बोट ठेवून सगळं सांगितलं. मॅडम उत्तर लिहीत होत्या, मी थांबवलं. भरतीची गरज नव्हती, मी करायला लावली.

त्यानं ओळ वाचली. पुस्तक मिटलं.

"ताई," तो म्हणाला, "त्या दिवशी मॅडमनं म्हटलं असतं ना, का भरतीची गरज नाई, तं मीच भांडलो असतो त्याईच्या संगं. तुमीच तं शिकवलं होतं. चोवीस तास भरती."

तो रागावला असता तर मी उलट भांडले असते. भांडण मला येतं. मी पुस्तक पिशवीत घातलं आणि दोन चहा सांगितले.

एजन्सी मी सोडली नाही. पोट आहे. ते वाक्य मात्र सोडलं. आता पॉलिसी विकताना मागची पानं आधी काढते आणि यादी वाचून दाखवते. लोक कंटाळतात, जांभया देतात, अर्धे उठून जातात. धंदा कमी झाला. कंपनीवरचा माझा राग कमी झालेला नाही, आणि होऊही देणार नाही. माणसाला गोळ्या खा म्हणून सांगणारी आणि मग त्याच्या पाठीत हसत हसत स्क्रू बसवणारी ती कंपनी आहे. पण जी वस्तू छापील भावानं मिळणार होती तिच्यासाठी घासाघीस करून ती घालवली, ते गिऱ्हाईक मी होते.

परवा स्टँडवर एक नवा ड्रायव्हर पॉलिसीचं विचारत होता. "ताई, थे चोवीस तास भरतीवालीच ना?"

मी तोंड उघडायच्या आत विलास मागून म्हणाला, "नाई रे बापा. आधी बूड टेकव अन् मांगचे पानं आयक. तुले बसता येते अजून."